शीट कशी काढावी : कॅम्पातल्या नवशिक्यांसाठी काही गंभीर सूचना

पावसाळ्यात सकाळी बेळगावच्या कॅम्पातल्या कौलारू घरांतून एक विशिष्ट तरुण बाहेर पडताना दिसतो. पाठीवर बॅग, बॅगेतून वर डोकावणारा ड्राफ्टर आणि काखेत प्लॅस्टिकची लांब नळी. परगावच्या माणसाला वाटतं, पोरगा मासे धरायला निघालाय. तो उद्यमबागला निघालेला असतो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. ड्रॉइंगची शीट काढण्याच्या पुढील सूचना त्याच्या व त्याच्या घरच्यांच्या हितासाठी आहेत.

१. साहित्य

ड्राफ्टर नवा घेऊ नये. तो गल्लीतल्या सिनिअरकडून वारसाहक्काने येतो. त्याचा एक स्क्रू ढिला असतो, त्यामुळे सगळे काटकोन ८९ अंशांचे येतात. सिनिअर त्यावरच पास झाला, एवढं समाधान पुरे. पेन्सिली दोन : बारीक रेषांना २एच, जाड रेषांना एच. रेषा काढताना टोक छिन्नीसारखं चपटं हवं, अक्षरं काढताना सुईसारखं. धाकटी बहीण दोन्ही पेन्सिली एकाच शार्पनरमध्ये घालते. पेन्सिली कुलपात ठेवाव्यात.

२. कागद

ए-० कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो मधोमध दुमडला की ए-१, पुन्हा दुमडला की ए-२, म्हणजे ५९४ बाय ४२० मिलिमीटर. लांबी-रुंदीचं प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतकं ठेवलेलं असल्यामुळे कितीही दुमडा, कागदाचा आकार तोच राहतो. ही शिस्त बेळगावच्या पावसाला मान्य नाही. जुलैत शीट ओल धरते, कडा पापडासारख्या वर येतात. आजी त्यावर इस्त्री फिरवायला सुचवील. फिरवू देऊ नये.

शीट चालू असताना कुंदा खाऊ नये. तुपाचा डाग कुठल्याच रबराने जात नाही, आणि सर त्याला वर्तुळ समजून केंद्र विचारतात.

३. सीमारेषा

शीटवर पहिली रेषा वस्तूची नसते, सीमेची असते. डावीकडे फाइलला लावण्यासाठी २० मिलिमीटर सोडायचे, उरलेल्या तिन्ही बाजूंना १०. सर म्हणतील, पाच मिनिटांचं काम आहे. हे वाक्य घरी जाऊन सांगू नये. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ ला आखलेल्या राज्यांच्या सीमारेषेवर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि शीट अजून तपासून झालेली नाही.

४. बघणे

हाच खरा विषय. समजा, कॅम्पातल्या एखाद्या बंगल्याची काडेपेटीएवढी प्रतिकृती खोलीच्या कोपऱ्याजवळ धरली. समोरून बघाल तर तिचं दृश्य मागच्या भिंतीवर पडेल : व्हरांडा, खांब, वर कौलांची उतरण. हा फ्रंट व्ह्यू. वरून बघाल तर दृश्य जमिनीवर पडेल : खांब गायब, नुसतं छप्पर. हा टॉप व्ह्यू. आता भिंत आणि जमीन जिथे मिळतात ती एक्स-वाय रेषा, आणि ती बिजागरी आहे असं समजून जमीन खाली पाडायची. दोन्ही दृश्यं एका कागदावर आली, टॉप व्ह्यू खाली गेला. हा फर्स्ट अँगल, जो आपण वापरतो. अमेरिकेत वस्तू आणि बघणारा यांच्यामध्ये काच धरतात, म्हणून तिथे टॉप व्ह्यू वर जातो. तो थर्ड अँगल.

ही युक्ती गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने १७६० च्या दशकात मेझिएरच्या लष्करी शाळेत काढली, तीही किल्ल्याची तटबंदी आखताना. ती इतकी कामाची निघाली की लष्कराने कित्येक वर्षं गुपित म्हणून दडवून ठेवली. कॅम्पात राहणाऱ्याला याचं आश्चर्य वाटू नये. लष्कराच्या भिंतीपलीकडे काय आहे हे न विचारण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे.

अर्थात, जे आहे पण दिसत नाही, तेही काढावं लागतं. त्याला तुटक रेषा. ती विसरलात तर उद्यमबागच्या कारखान्यात भोक पाडायचं राहून जातं.

५. जीटी

टेबलाच्या काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची शीट, वर आपली. याला जीटी म्हणतात आणि ते करू नये. कारण मित्राच्या चुकाही तितक्याच स्वच्छ उमटतात. चाळीस शीटवर एकच चूक एकाच जागी दिसली की सरांना वर्गाची एकी कळते.

६. चिन्ह

उजव्या कोपऱ्यात खाली टायटल ब्लॉक असतो. त्यात नाव, स्केल आणि एक छोटं चिन्ह : कापलेल्या शंकूची दोन दृश्यं. त्यांची अदलाबदल झाली की फर्स्टचा थर्ड अँगल होतो. माझ्या पहिल्या शीटवर हे चिन्ह नव्हतं. सरांनी लाल पेनने दोनच शब्द लिहिले : ‘कुठून बघितलंस?’ मला तो छळ वाटला. पण चिन्ह नसलेलं ड्रॉइंग उलटं वाचलं गेलं, तर डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा ओतला जातो, आणि ओतलेलं लोखंड रबराने खोडता येत नाही.

७. घरगुती उपयोग

दिवाळीत निपाणीचे मामा आमच्याकडे येतात. जेवण झालं की व्हरांड्यात मामा आणि शेजारचे अण्णा सीमाप्रश्नाला बसतात. एकदा मी नव्या ज्ञानाच्या जोरात विचारलं, “मामा, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल?”

“काय विचारूलास रे?”

मी दोघांच्या मध्ये काडेपेटी उभी ठेवली. मामांना चित्र दिसत होतं, अण्णांना काडी ओढायची काळी पट्टी. म्हटलं, दोघांनीही आधी आपण कुठे बसलोय ते चिन्ह काढा, मग बोला.

दोघं बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. अण्णा म्हणाले, “पण पेटी एकच की.”

“होय की,” मामा म्हणाले. मग त्यांनी काडी ओढून बिडी पेटवली आणि पेटी स्वतःच्या खिशात टाकली.

वस्तूच गेल्यामुळे ती शीट अपुरी राहिली. अशा वेळी विद्यार्थ्याने मुदतवाढ मागावी. बेळगावात ती मिळते.