खोली कोणाची?

वाईनचे शिष्टाचार शिकवणारे पहिल्या दमात सांगतात, रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी. खोली कोणाची? हा नियम युरोपातल्या थंडगार दगडी घरांचा. तिथे खोली म्हणजे 16 ते 18 अंश. भिवंडीत मे महिन्यात वर पत्रा, शेजारी धडधडणारे यंत्रमाग आणि नेमकी वीज गेलेली. अशा खोलीतली शिराझ म्हणजे काढाच.

तेव्हा भिवंडीकरांनो, रेडसुद्धा तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. व्हाइट 8 ते 12 अंशांवर, स्पार्कलिंग त्याहून गार. घाई असेल तर बादलीत बर्फाबरोबर पाणीही घाला, नुसत्या बर्फापेक्षा बाटली लवकर गार होते. ग्लासात बर्फ टाकलात तर कोणी फासावर देत नाही, फक्त चव पातळ होते. ग्लास दांडीला धरायचा तोही याचसाठी, तळहाताची ऊब लागू नये म्हणून. फोटोत बोटं नाजूक दिसतात हा वरचा फायदा.

ओतताना क्वार्टरचा हिशेब विसरा. 750 मिलिच्या बाटलीत 150 मिलिचे पाच ग्लास बसतात. ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरायचा, कारण वरची रिकामी जागा वासासाठी असते. ती पाहून ‘यजमान चिक्कू आहे’ असं म्हणू नये. ग्लास हलकेच फिरवा, हुंगा, घोट जिभेवर फिरू द्या. बाटलीला मात्र धक्के नकोत म्हणतात. नाशिकहून निघालेली बाटली वडपे ते माजिवडा या रस्त्याने धक्के खात मुंबईला जाते, हे त्या पंडितांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

हॉटेलात वेटर यजमानाच्या ग्लासात चमचाभर वाईन ओतून उभा राहतो. इथे बरेचजण डोळे मिटून ‘वा’ म्हणतात. तो दाद मागत नसतो. बूच खराब निघालं तर वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तेवढं तपासायला तो घोट असतो. आता सांगा, पावसाळ्यात भिजलेल्या खोक्यांचा वास राहनाळ-काल्हेरच्या गोदामवाल्यांपेक्षा कोणाला अधिक कळतो? या एका परीक्षेत भिवंडी मुंबईच्या नाकावर टिच्चून पास होईल. पण आपल्याकडच्या कितीतरी बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. ते झाकण हुंगणाऱ्याकडे प्रेमाने दुर्लक्ष करावं.

सरकारी शिष्टाचार वेगळा. 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा-सुपरमार्केटांत वाईन विकायला परवानगी दिली, शेतकऱ्याच्या भल्यासाठी. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी रान उठवलं आणि निर्णय बाटलीतच राहिला. वाईन दारू आहे की नाही यावर तेव्हा जो काथ्याकूट झाला, त्यात एकानेही ती उन्हात ठेवू नये असं सांगितलं नाही. बाटलीला 12-13 अंशांची, अंधारी, न बदलणारी जागा लागते. तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिली तर चव शिजते, मग ग्लास कितीही उंची काचेचा घ्या.

जोडीला काय? तळलेल्या बोंबलाबरोबर गार सोविन्यों ब्लां झकास लागते. झणझणीत रश्शाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लां बरी, कारण अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. चकण्याचं फरसाण मात्र मिठामसाल्याने सगळ्या चवी बुजवतं.

आणि जो घेत नाही, त्याला आग्रह करू नका, कारणही विचारू नका. भिवंडीत असे शेजारी घरोघरी आहेत. त्यांच्यासमोर सरबताचा ग्लासही तितक्याच मानाने ठेवा. ज्याला गाडी घेऊन नाशिक हायवेला लागायचंय, त्याच्या ग्लासात पाणीच ओता आणि चावी आपल्याकडे घ्या.