जावई मोहन बागानचा

मँचेस्टर,
मंगळवार, ७ मे २०२४

ती. अप्पा व आई यांस,
सा. न. वि. वि.

अप्पा, शनिवारी रात्री तुम्ही फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडलात ते बरंच केलंत. त्यानंतर तिथे जे चाललंय ते वडीलधाऱ्यांनी वाचण्याजोगं नाही. तुमच्या बंड्याने ढोल बडवणाऱ्या माकडाचं तेच ते चित्र इतक्या वेळा टाकलं, की शेवटी मडगावच्या मावशीला ‘हा ग्रुप श्राद्धाच्या तारखा कळवायला काढला होता’ अशी आठवण करून द्यावी लागली. म्हणून इकडची हकीकत पत्रानेच कळवते. आईने फोनवर विचारलं होतं, ‘जावईबापू नीट जेवतात ना?’ जेवतात. बोलत नाहीत, एवढंच.

बातमी तुमच्यापर्यंत पोचलीच असेल, तरी माझ्याकडून ऐका. इंडियन सुपर लीगच्या फायनलला तुमच्या जावयाने मुंबई सिटीविरुद्ध मोहन बागानला पाठिंबा दिला. २०१६ साली फोर्लान मुंबई सिटीकडून खेळायला आला, तेव्हा मॅच बघायला जे गृहस्थ तुमच्या घरी मुक्काम ठोकून होते, ज्यांनी गॅलरीतून अंधेरीच्या क्रीडा संकुलाचे दिवे दिसतात म्हणून घराचं कौतुक केलं होतं, तेच हे. अंधेरीचा जावई, राहतो मँचेस्टरला आणि ओरडतो कोलकात्यासाठी.

यांचं म्हणणं असं. फोर्लान हा मुळात मँचेस्टर युनायटेडचा जुना खेळाडू, म्हणून तेव्हा अंधेरी यांची. पण २०१९च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला, आणि त्या दिवसापासून अंधेरीचं ते मैदान म्हणजे शत्रूची शाखा. ‘तुझं माहेर विकलं गेलं, माझा नाइलाज आहे,’ असं हे मला पोळी वाढून घेता घेता सांगतात. मी म्हटलं, रणबीर कपूर अजून भागीदार आहे, त्याच्याकडे बघून तरी. त्यावर उत्तर आलं, ‘त्याच्याकडे तू बघतेसच.’

आई, यात त्यांचाही अगदीच दोष नाही. माणूस कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम भिडले, की गोल किती झाले याला तिथे निम्माच भाव असतो. समोरच्या तालमीचा दोस्त दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर कसलं तोंड घेऊन येतो, यावर खरा निकाल लागतो. अशा घरात वाढलेल्या पोराने आठवीत असताना, २६ मे १९९९च्या रात्री, युनायटेडला भरपाईच्या वेळेत दोन गोल मारून बायर्नकडून युरोपचा कप हिसकावताना टीव्हीवर पाहिलं. झालं, तेव्हापासून रक्तच लाल. आता रक्त सगळ्यांचंच लाल असतं हे मी सांगून पाहिलं. नातू मात्र इथे शाळेत जायला लागल्यापासून कट्टर सिटीवाला. एकाच दांडीवर निळा आणि लाल शर्ट वाळत घालायला दोघांचीही हरकत, म्हणून मध्ये माझी ओढणी.

इथलं भांडण समजून घ्यायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान कागदोपत्री मँचेस्टर शहरात येतच नाही, ते शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये. सिटीवाले त्यावरून सारखे डिवचतात, ‘तुम्ही मँचेस्टरचे नव्हेच!’ मुलुंडच्या काकांना कुणी ‘तुम्ही तर ठाणेकर’ म्हटल्यावर ते जसे उठून बसतात, तसेच आमचे हे उठून बसतात. दुसऱ्या बाजूने युनायटेडच्या फर्ग्युसनसाहेबांनी सिटीची संभावना ‘आवाज करणारे शेजारी’ अशी केली होती. अप्पा, सामन्याच्या दिवशी वीरा देसाई रोडवरचं पार्किंग आणि वेस्ट ब्लॉक ब्लूजचे ढोल यांबद्दल सोसायटीच्या कमिटीला तुम्ही जे अर्ज केलेत, ते वाचून फर्ग्युसनसाहेबांनी तुम्हाला नक्की चहाला बोलावलं असतं.

आता फायनलचं सांगते. तुमचे साडेसात म्हणजे आमचे दुपारचे तीन. आमच्या शेजारचे आजोबा सिटीचे, जुन्या मेन रोड मैदानापासूनचे. इथे शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने टीव्हीवर दाखवत नाहीत, लोकांनी घरी न बसता मैदानावर जावं म्हणून. त्यामुळे आमच्या लॅपटॉपवर बरोबर तीनला साठ हजारांवर माणसांनी भरलेलं कोलकात्याचं सॉल्ट लेक मैदान दिसलं, तेव्हा आजोबांनी आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग बशीतली चकली उचलून विचारलं, आपलं कोण? नातवाने आकाशी शर्टाकडे बोट दाखवलं. आजोबांची खात्री पटली.

तेवढ्यात यांनी डाव टाकला. अंधेरीला आपल्या समोर राहणाऱ्या बंगाली काकांनी यांना सकाळीच व्हॉट्सॲपवर १९११चा धडा पाठवला होता. अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, तो. आपल्याला तो पाठ आहे, काका लिफ्टमध्येसुद्धा ऐकवतात. पण आजोबांना तो नवा होता, आणि ते पडले जन्माचे लँकेशायरवाले. ‘यॉर्कशायर हरलं? भारतात? अनवाणी लोकांकडून?’ असं तीनदा विचारून त्यांनी दुसरी चकली घेतली, आणि त्यानंतर मोहन बागानकडे चेंडू आला की त्यांची मान आपोआप डोलायला लागली. एका वाक्यात यांनी सिटीचा माणूस फोडला.

मध्यंतराच्या तोंडावर कमिंग्सने बागानचा गोल केला. यांनी कोल्हापुरी शिट्टी मारली. नातवाने लॅपटॉपकडे पाठ केली. आजोबांना मात्र उठणं भाग होतं, साडेपाचला एतिहादवर सिटी विरुद्ध वुल्व्ह्ज. जाताना त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून आपली कथा सांगितली. १९९९च्या मे महिन्यात, युनायटेड युरोपचा कप मिरवत होती त्याच आठवड्यात, सिटी तिसऱ्या पायरीवरच्या लीगमधून वर चढायला वेम्बलीवर धडपडत होती. समोर जिलिंगहॅम. नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२. निम्मे लोक निघून गेलेले. मग दोन गोल झाले आणि पेनल्टीवर सिटी जिंकली. ‘म्हणून मी कधी लवकर उठत नाही,’ असं म्हणून आजोबा उठले.

नातवाला ही कथा सांगायची खरं तर गरजच नव्हती. सेमीफायनलला फातोर्ड्यावर आपण तेच पाहिलं होतं ना! गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० पुढे. मावशीने ग्रुपवर ‘मुंबयकारांनो, घरा वचात’ असा आहेरही केला होता. मग छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटे, सात मिनिटांत तीन गोल, ३-२. मावशीने त्यानंतर मौन धरलं ते थेट श्राद्धाच्या तारखांपर्यंत.

फायनलच्या उत्तरार्धातही तसंच घडलं. ५३व्या मिनिटाला दियाझने बरोबरी केली, तेव्हा हे ‘अजून वेळ आहे’ म्हणाले. ८१व्या मिनिटाला बिपिन सिंगने दुसरा मारला, तेव्हा हे चहा टाकायला उठले. अप्पा, हा बिपिन म्हणजे बागानवाल्यांचा जुना जिव्हाळ्याचा विषय. २०२१च्या फायनलला फातोर्ड्यावर नव्वदाव्या मिनिटाला त्यांना बुडवणारा तोच. त्याच सामन्यात स्वतःच्याच जाळ्यात गोल करून मुंबईला बरोबरी देणारा तिरी, तेव्हा बागानचा, आता मुंबईच्या बचावफळीत. काकांचा संशय आहे की तो तेव्हाही मुंबईचाच होता, फक्त पगार कोलकात्याहून घेत होता. शेवटी अगदी भरपाईच्या वेळेत वोयतुसने तिसरा ठोकला, ३-१, आणि आपल्या राहुल भेकेने कप उचलला. मुंबईच्या संघाचा कर्णधार मुंबईचा मराठी मुलगा, म्हटल्यावर मी जे काही ओरडले ते अंधेरीपर्यंत ऐकू आलं नसेल तर नवल. चहा उतू गेला.

आजोबांचा स्टेडियमवरून फोन आला, निकाल काय? सांगितला. ते म्हणाले, चांगलं झालं, पण त्या अनवाणी मंडळींचं वाईट वाटतं. संध्याकाळी हालांडने एकट्याने चार गोल मारले, सिटी ५-१. म्हणजे एका शनिवारात यांच्या डोक्यावर निळ्यांचे आठ गोल. त्यात बंड्याचा मेसेज, की नोव्हेंबरात मुंबई सोडून ऑक्सफर्डला गेलेले कोच बकिंगहॅम यांनीही त्याच रात्री पीटरबरोला १-० हरवलं, उद्या दुसरी लढत आहे, तीही बघ. त्यांच्या जागी आलेल्या क्राटकींनी पाच महिन्यांत कप आणून दिला, तरी बंड्याचा जीव जुन्या सरांत अडकलेला.

आता, अप्पा, तुमच्याबद्दल. आईने मला सगळं सांगितलंय. १५ एप्रिलला बागानने मुंबईला २-१ हरवून लीगची शील्ड घेतली, तेव्हा काकू विजयाची चिंगडी मलई करी डबा भरून घेऊन आल्या. इलिश ईस्ट बंगालचा, कोळंबी मोहन बागानची, हे त्यांच्यात ठरलेलं. त्या दिवशी नेमका सोमवार. आणि सोमवार कडक पाळणारे तुम्ही घड्याळाकडे बघत बसलात, आणि बाराचे ठोके पडून मंगळवार लागल्याबरोबर जेवायला घेतलंत! फायनलच्या रात्री बंड्या गॅलरीत नाचत असताना तुम्ही ग्रुप सोडलात, तो आवाजाच्या त्रासाने नव्हे. डबा येणार नाही, हे तुम्हाला कळलं होतं. माझ्या घरात एक बागानवाला आहे, तुमच्या घरातही एक आहे.

आणि आई, तू रविवारी वर्सोव्याच्या कोळणीकडून कोळंबी आणून, आपल्या पद्धतीची आमसूल घालून, काकांच्या घरी नेऊन दिलीस, हे फार छान केलंस. काकांनी यांना त्या वाटीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तुमच्या सासूबाईंनी जखमेवर मीठ नाही, कोकम टाकलं.’ बंड्याला मात्र समजावून सांग. घाटकोपरचा दादा मेट्रोने आझाद नगरला उतरून त्याच्याबरोबर ओरडायला येतो, बोरिवलीचे काका ‘क्रिकेट सोडून हे काय’ म्हणत दोघांना सरबत देतात, तेवढ्याने कुणाचा आनंद पुरा होत नाही. तो पुरा होतो समोरचं दार उघडून काका चप्पल घालताना दिसतात तेव्हा. काका घर बदलून गेले तर बंड्या कप जिंकून करणार काय? मी इथे रोज बघते ना. पाच गोलांच्या रात्रीसुद्धा नातू झोपला नाही, बाबा कामावरून येऊन ‘बरं खेळले’ म्हणेपर्यंत जागा होता. परक्या माणसाला हरवण्यात दम नाही. हरलेला माणूस आपल्याच ताटाशेजारी बसलेला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच वाढता आलं पाहिजे.

वाढण्यावरून आठवलं. काल इथे मे महिन्याची सोमवारची सुट्टी होती. यांना बरं वाटावं म्हणून मी तांबडा-पांढरा रस्सा केला, आणि हे क्रिस्टल पॅलेसविरुद्ध युनायटेडचा सामना बघायला बसले. ०-४. रस्सा नातवाने संपवला.

आता शेवटचं आणि कामाचं. येत्या २५ तारखेला वेम्बलीवर एफ. ए. कपची फायनल आहे, सिटी विरुद्ध युनायटेड. गेल्या वर्षीही हेच दोघे होते, सिटीने २-१ नेलं. यांनी कालच्या रागाच्या भरात पैज मांडली आणि फ्रिजवर कागद लावला. सिटी जिंकली, तर यांनी पुढच्या सुट्टीत मुंबई सिटीचा शर्ट घालून अंधेरीच्या मैदानात, ढोलवाल्यांच्या शेजारी बसायचं, आणि आधी काकांचा आशीर्वाद घ्यायचा. युनायटेड जिंकली, तर मी लाल शर्ट घालून ओल्ड ट्रॅफर्डच्या दारात फोटो काढायचा आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचा. साक्षीदार म्हणून शेजारच्या आजोबांनी सही केली. कालचा खेळ पाहिल्यावर मीही बिनघोर केली. या संघाकडून सिटी हरणं शक्य नाही, असं नातू म्हणतो, आजोबा म्हणतात, पेपरवाले म्हणतात.

तेव्हा माझ्या लाल शर्टातल्या फोटोची कुणी वाट बघू नये. बंड्याला म्हणावं, यांच्या मापाचा आकाशी शर्ट आत्ताच घेऊन ठेव, नंतर मिळायचा नाही. एल नको, एक्सएल.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
ताई

ता. क. हे आत्ता विचारत होते, फ्रिजवरच्या कागदाचा फोटो काकांना पाठवू का? म्हटलं, खुशाल पाठवा, ग्रुपवरही टाका. अप्पा, तुम्हीही २५ तारखेपुरते ग्रुपमध्ये परत या.