आप्पांची गळती

बशीत सांडलेला चहा आप्पा आधी कपात परत ओततात, मग बोलायला लागतात. गिरणीत फिटर होते. निवृत्त झाल्यापासून जगातली सगळी गळती बंद करायचं त्यांनी मनावर घेतलंय. मागच्या पडवीत एक मोटर, तिच्या पट्ट्यावर डायनॅमो, आणि डायनॅमोची वायर फिरून पुन्हा मोटरला. मोटरीने डायनॅमो फिरवायचा, डायनॅमोने मोटरला वीज द्यायची आणि बिलवाल्याने दारातूनच परत जायचं, असा बेत.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, हे माझं दुर्दैव. दर प्रयोगाला बोलावणं येतं. प्लग काढला की यंत्र दोन-चार गिरक्या घेतं आणि बसतं.

"बेअरिंग," आप्पा म्हणतात.

बेअरिंग तिसऱ्यांदा बदलून झाली, तेव्हा मी हिशेब मांडला. मोटर 100 मधले 80 पुढे देते, असं धरू. डायनॅमो त्यातले 80 टक्के. म्हणजे हाती आले 64. दुसऱ्या फेरीला 41.

"मधले 36 कुणी खाल्ले?" आप्पांनी असं विचारलं की मला खिसे उलटे करून दाखवावेसे वाटले. म्हटलं, मोटरला हात लावून बघा. चांगलीच तापली होती. काही तांब्याच्या तारेत गेले, काही लोखंडी गाभ्यात, काही पट्ट्यात. तो घूं-घूं आवाज येतोय ना, त्यातही चिमूटभर.

"मग हीच ऊब पकडून परत विजेत घालू!"

इथे मला कार्नो काढावा लागला. या फ्रेंच इंजिनिअरने 1824 सालीच सांगून ठेवलंय: उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर ती गरमाकडून गाराकडे वाहायला हवी, आणि वाहताना काही वाटा गाराला द्यावाच लागतो. घर्षण अजिबात नसलं तरी. मोटर 60 अंशांवर, पडवी 30 अंशांवर. जगातलं सर्वांत निर्दोष यंत्र लावलं तरी त्या उबेतले 100 मागे 9 च कामाला येतील.

"म्हणजे जकात?"

"जकातच."

"ती तर बंद झाली की!"

यावर कार्नोकडेही उत्तर नसावं.

मग आप्पा भास्कराचार्यांना मैदानात उतरवतात. सिद्धांतशिरोमणीत, 1150 साली, पाऱ्याने भरलेल्या आऱ्यांचं आपोआप फिरणारं चाक आहे, हे खरंच. मी म्हटलं, असली यंत्रं तपासणार नाही, असं पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्येच जाहीर केलं. "त्यांना पारा कुणी दाखवला नसेल," आप्पा म्हणाले आणि माझ्या स्कूटरकडे बघितलं. तिच्यातल्या पेट्रोलचा जेमतेम पाव हिस्सा चाकाला मिळतो, हे मीच कधीतरी बोलून बसलोय. तेव्हापासून ते तिच्याकडे पिऊन आलेल्या जावयाकडे बघावं तसे बघतात.

गेल्या थंडीत काकूंनी विरजण लावलेलं पातेलं मोटरीशेजारी ठेवलं. सकाळी दही असं लागलं होतं की सुरीने कापावं. ही ऊब गळतीत धरायची की उत्पन्नात, हे आप्पांचं अजून ठरत नाहीये. काकू मात्र रोज संध्याकाळी पडवीच्या दारात येतात.

"अहो, यंत्र लावताय ना? दूध कोमट झालंय."