बूड टेकण्यापुरती जागा

मूलाधार चक्र हा आमच्या घरचा विषय आहे, असं उत्तर मी एचआरच्या मेलला लिहिणार होतो. अथर्वशीर्षात गणपतीचा कायमचा पत्ता तोच दिलाय आणि शाळेत असल्यापासून, अर्थ न कळता का होईना, मी तो खणखणीत आवाजात म्हणत आलोय. ज्ञानोबांनी तर १२९० सालीच सहाव्या अध्यायात, टाच कुठं रोवायची इथपासून कुंडलिनीचं सगळं मराठीत सांगून ठेवलंय. (सहावा अध्याय मी वाचलेला नाही. पण तो आमचा आहे.) आणि आता मला व्हाइटफील्डच्या ऑफिसातून निरोप, की रविवारी पहाटे होसकोट्याच्या पुढं, मालूरच्या रस्त्याला एका रिसॉर्टवर 'अनिश्चित काळात स्थैर्य' या नावाची मूलाधार साधना आहे, उपाशीपोटी यावं, तिथं चपला काढाव्या लागतील.

हा निरोप मंगळवारी आला. सोमवारी आलेल्या मेलमध्ये कंपनीची फेररचना होणार असल्याचं, काही 'भूमिका' कमी होणार असल्याचं आणि सगळ्यांनी एकमेकांची काळजी घ्यावी असं कळवलं होतं. भूमिका कमी होणार. माणसांचं काय होणार ते लिहिलं नव्हतं.

मी होसकोट्यातच राहतो. त्यामुळं बाकीचे बंगळूरहून अडीचला उठून निघाले असतील तेव्हा मी आरामात चारला उठलो आणि आपण किती सात्त्विक आहोत या विचारात खाली उतरलो. ब्रह्ममुहूर्त, रस्ता निर्मनुष्य असणार, गार वारा. रस्त्यावर ही गर्दी! होसकोट्याची बिर्याणी पहाटे खायची असते आणि रविवारी तिच्यासाठी अख्खं बंगळूर लोटतं, हे मला ठाऊक होतं; पण त्या रांगेच्या शेजारून उपाशीपोटी साधनेला जाणं हा वेगळा अनुभव आहे. हेल्मेट बगलेत मारलेली पोरं, शाली पांघरलेल्या बायका, झोपेतून उचलून आणलेलं एक लहान मूल. मिनिटामिनिटाला दोन पावलं पुढं सरकणारी ती माणसं इतकी शांत, इतकी एकाग्र होती, की मी रिक्षाची काच वर करायला गेलो आणि रिक्षाला काच नसते हे तेव्हा लक्षात आलं.

शिबिराला लाल कपडे घालून यायला सांगितलं होतं, कारण मूलाधाराचा रंग लाल. बंगळूरमध्ये लाल कपडे म्हणजे आरसीबीची जर्सी. त्यामुळं हिरवळीवर साधकांऐवजी चिन्नास्वामीचा एक स्टँड बसलाय असं दिसत होतं. ते एका परीनं योग्यच होतं म्हणा. २००८ पासून २०२५ पर्यंत करंडकाची वाट पाहिलेल्या लोकांना अनिश्चिततेत तग धरायला कोण काय शिकवणार?

शिकवणारा जेमतेम तिशीचा, दाढी राखलेला, आवाज मधात बुडवलेला. त्यानं सांगितलं, मूलाधार म्हणजे पृथ्वीतत्त्व, बीज 'लं', चार पाकळ्या, लाल रंग. म्हणून बीट खा, टोमॅटो खा, लाल मुळा खा. इथं मला गप्प बसता आलं नाही. मी हात वर केला आणि सांगितलं, की पूर्णानंदांच्या १५७७ सालच्या षट्चक्रनिरूपणात पाकळ्या लाल असल्या तरी आतला पृथ्वीचा चौकोन पिवळा आहे; की कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर ॲव्हलॉन या टोपणनावानं १९१९ साली हा ग्रंथ इंग्रजीत आणला; आणि सात चक्रांना इंद्रधनुष्याचे सात रंग ओळीनं वाटून देणं हा पश्चिमेकडचा १९७० च्या दशकातला उद्योग आहे. हे सगळं मी शनिवारी रात्री वाचून ठेवलं होतं. पण ते आजोबांकडून आल्यासारखं सांगितलं.

"सुंदर शेअरिंग, सर," असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

एवढ्यानं माझं समाधान झालं असतं तर बरं होतं. पुढं ओळखीची फेरी आली. प्रत्येकानं आपली मुळं कुठं आहेत ते सांगायचं. लोक भराभर सांगत गेले : गुंटूर, कोळिक्कोड, धारवाड, बेळगाव. एका शब्दात. माझी पाळी आली तेव्हा मी घसा साफ केला आणि १६३८ पासून सुरुवात केली.

आता इथं मला थोडं थांबायला हवं, कारण शहाजीराजे हा माझा आवडता विषय आहे आणि होसकोट्यात घर घेण्याचं, स्वस्त मिळालं हे सोडून, तेच एक कारण मी लोकांना सांगत असतो. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानानं केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं, तेव्हा शहाजीराजे बरोबर होते. पुढं बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा सगळा मुलूख त्यांच्याकडं जहागीर म्हणून आला. म्हणजे मी सोलापूरहून आलो असलो तरी तसा उपरा नाही. हे मी आमच्या वॉचमनला सांगितलंय, सोसायटीच्या बैठकीत सांगितलंय, पाण्याच्या टँकरवाल्याला तर बिल देताना सांगितलंय. कानडी माणूस सभ्य. तो "हौदा सर?" म्हणतो आणि पैसे मोजून घेतो. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी फक्त एकदा नम्रपणे सुचवलं, की होसकोट्याचा किल्ला सुगटूरच्या तम्मेगौडांचा, शहाजीराजांच्या आधीचा. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर विषय बदलतो.

पण माणूस पाहा. १६२४ साली भातवडीला निजामशाहीकडून लढले आणि जिंकले. जिंकल्यावर बढतीवरून बिनसलं, तर पुढच्या वर्षी आदिलशाहीत. तिथून परत निजामशाहीत. १६३० मध्ये मुघलांकडं. तिथं पटेना, दोन वर्षांत तेही सोडलं. मग निजामशाहीच बुडायला लागली, तर एका लहान मुलाला गादीवर बसवून ती स्वतःच्या खांद्यावर चालवली. १६३६ ला माहुलीवर तेही संपलं आणि पुन्हा आदिलशाही. बारा वर्षांत एवढं. असा सीव्ही आजच्या एचआरपुढं गेला असता तर 'स्थैर्य नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवला असता. आणि आदिलशाहीनं नेमणूक दिली ती पुणे-सुप्यापासून इतक्या लांब, कानडी मुलखात. दुसरा कुणी हाय खाऊन बसला असता. यांनी इथं दरबार भरवला, पदरी कवी ठेवले. जयराम पिंड्यांनी त्या दरबारावर राधामाधवविलासचंपू लिहिला आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो छापताना भलीथोरली प्रस्तावना जोडली. तेव्हा या विषयावर लांबण लावण्याची परंपरा माझ्यापासून सुरू झालेली नाही. त्याच होसकोट्यात आज व्होल्व्हो बस बनतात, ज्यांत बसून आम्ही दिवाळीला रात्रभर पुण्याकडं जातो, म्हणजे एका अर्थी—

घंटा वाजली. शिकवणाऱ्यानं वाजवली होती. ओळखीच्या फेरीत घंटेची सोय आधीपासून होती की माझ्यासाठी आणवली, ते कळलं नाही.

मग बसायचं. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी मागं खुर्च्या मांडल्या होत्या आणि मॅनेजर मंडळी निमूट तिकडं गेली. मी गेलो नाही. खुर्ची कसली? आम्ही पाटावर बसून जेवलेली माणसं! मांडी घातली, पाठ ताठ केली आणि समोरच्या तरुण पोरांकडं अशी नजर टाकली, की बघा. पहिली पाच मिनिटं फार छान गेली. त्यानंतर डावा पाय माझा राहिला नाही. सगळे मिळून 'लं'चा घोष करत होते, मी मात्र त्या पायाला हाका मारत होतो. खाली जो खडक आहे त्याच्या जातीचा लालबागेत उघडा पडलेला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, एवढं स्थैर्य आधीच बुडाखाली असताना माणसाला आणखी काय हवं, असे उदात्त विचार करून पाहिले. उपयोग झाला नाही.

"आता दोन्ही तळहात जमिनीला लावा," तो म्हणाला. "पृथ्वी कधी हलत नाही. ती तुम्हाला धरून आहे. अनुभवा."

तळहात लावले, आणि मला अण्णा दिसले.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून सोलापूर झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भांड्यांची मांडणी वाजायला लागली आणि आम्ही सगळे गल्लीत. किल्लारी-सास्तूरकडं काय झालंय ते सकाळी रेडिओवरून कळायला लागलं. हजारो माणसं गेली. आमच्याकडं फक्त भिंतीला चीर. पण पुढच्या कितीतरी रात्री अख्खी गल्ली बाहेर झोपली, आणि अण्णा सतरंजीवर पडल्या पडल्या एक हात बाजूला काढून पालथा जमिनीवर ठेवायचे. डोळे उघडे. हलतंय का, ते बघत. त्यांची गिरणी तेव्हा बंद पडायच्या बेतात होती, पगार अडकले होते. साचेखात्यात जन्म गेलेला माणूस. पुढं गिरणीला कुलूप लागल्यावर ते एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला लागले. एकेकाळी जो त्यांच्या हाताखाली होता त्याच्या हाताखाली. त्याबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही. गिरणीतून यायचे तसेच शेडमधून घरी यायचे, दारातच खांद्यावरची रुई झटकायचे आणि मग आत. त्यांना स्थैर्याचा वर्ग कुणी काढून दिला नव्हता. गिरणी मालकांची तेवढी तरी सभ्यता होती, असं आता वाटतं.

कारण राग मला त्या दाढीवाल्या पोराचा नव्हता. तो त्याचं पोट भरत होता आणि त्याचा 'लं' मनापासून होता. राग याचा होता, की सोमवारी पायाखालची सतरंजी ओढायची आणि रविवारी, चला, जमीन कशी धरून ठेवायची ते शिकू म्हणायचं. आणि त्यानंतर कोसळलेल्या माणसानं समजायचं, की आपलाच मूलाधार कच्चा. युंगनं १९३२ साली झुरिकला कुंडलिनीवर व्याख्यानं दिली, त्यात तो मूलाधार म्हणजे आपलं रोजचं जग असं म्हणतो, जिथं माणूस मुळांत गुरफटलेला असतो आणि देव झोपलेले असतात. (हेही शनिवारी रात्रीच.) घराचा हप्ता भरणाऱ्याला हे पटायला व्याख्यानाची गरज नाही.

पुढचा कार्यक्रम अनवाणी चालण्याचा. मला उठता येईना. तेव्हा टेस्टिंगमधली एक मुलगी मागं आली, काखेत हात घालून तिनं मला उभं केलं आणि कुणी पाहायच्या आत सोडलं. बेळगावची. ऑफिसात आमचं मराठी फक्त लिफ्टमध्ये चालतं.

"सर, तुम्हाला सोमवारचं कॅलेंडर आलंय काय ओ? पंधरा मिनिटांचं? एचआरबरोबर?"

"नाही."

"मला आलंय."

आम्ही ओल्या गवतातून चालत राहिलो. पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये काय होतं ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. तिच्या भावाची इंजिनिअरिंगची फी ती भरते, हे मला लिफ्टमधून माहीत होतं. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "तू भूक मारून आली आहेस ना? चल."

शिबिरात अजून गुळाचं पाणी आणि मनोगतं बाकी होती. आम्ही गेटावरच्या माणसाला सांगितलं, की सरांना पायात गोळा आलाय, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. परत होसकोट्यात आलो तेव्हा उन्हं वर आली होती, रांग आखडली होती आणि शेवटच्या डेगचीचा तळ दिसायला लागला होता. आमच्या पुढचा माणूस दोन पार्सल मागत होता, त्याच्याकडं आम्ही दोघांनी असं पाहिलं, की त्यानं एकच घेतलं. बसायला जागा नव्हती. रस्त्याकडेला एका बंद दुकानाची पायरी मिळाली. तळाचा भात, किंचित करपलेला, मसाला सगळा खाली उतरलेला, मटण हाडापासून आपणहून सुटणारं. तो घास घेतल्यावर ती पोरगी काही वेळ बोललीच नाही. मग बोटं चाटत म्हणाली,

"सर, तुमच्या शहाजीराजांना नोटीस पीरियड होता काय ओ?"

मला इतका आनंद झाला, की ताटली हातातून सुटणार होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी आपणहून विचारलं होतं.

"कसला नोटीस पीरियड! १६४८ साली जिंजीजवळ छावणीत होते. पहाटेच पकडलं आणि बेड्या घालून विजापूरला नेलं."

"अगंबाई. आणि मग?"

"मग काय, दुसऱ्या वर्षी सोडलं. आणि परत याच मुलखात, याच कामावर."

"म्हणजे रीहायर केलं म्हणा की," ती म्हणाली, आणि माझ्या ताटलीतलं नळीचं हाड न विचारता उचलून घेतलं.