कणी शोधणारे अण्णा

मुंबई-आग्रा महामार्गावर, भंडारदऱ्याकडे वळायच्या जागी घोटी लागते. इथं पाऊस आणि तांदूळ कधी कमी पडत नाहीत. तिसरी न संपणारी गोष्ट म्हणजे अण्णांची तुलना.

अण्णांची भाताची गिरण आहे. तांदळाचा नमुना तळहातावर घेऊन अंगठ्यानं पसरतात आणि पोत्यात कणी किती निघेल ते सांगतात. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पंचाईत अशी की हाच तळहात ते जगातल्या यच्चयावत वस्तूंपुढं पसरतात. पंखा, प्रेशर कुकर, शेजाऱ्याच्या मोतीबिंदूत बसवलेली लेन्स, पुतणीसाठी आलेलं स्थळ, सगळ्यांत त्यांना कणी दिसते. घ्यायचं काहीच नसतं. फरक काढायचा असतो.

सध्या हा तळहात व्हीआर हेडसेटपुढं पसरलाय. लागण झाली 2023 च्या आयपीएलमध्ये. जिओडाइव्ह नावाचं 1299 रुपयांचं खोकं निघालं होतं. त्यात आपलाच फोन सरकवायचा, खोकं डोळ्यांना बांधायचं आणि मॅच बघायची. भाच्यानं ते आणलं.

"मैदानात बसल्यासारखं वाटतं का नाही, मामा?"

"वाटतं. पण मच्छरदाणी लावून."

निदान अचूक होतं. छोटा पडदा भिंगानं फुगवला की ठिपके फुगतात, तशा त्यांच्यामधल्या फटीही फुगतात. कोणी न सांगता अण्णांनी ते हेरलं. भाच्यानं तिथंच मामांना शाबासकी दिली आणि तिथंच तो फसला. तो पुण्यात व्हीआरच्याच कामात आहे. तेव्हापासून सुट्टीवर येताना त्याच्या पिशवीत हेडसेट असावाच लागतो. अण्णांकडं त्यासाठी लाल वही आहे. रकाने: चित्र, कडा, नाक, कपाळ, मान, घाम, निकाल.

चित्राच्या रकान्यात भाच्यानं उत्साहानं आकडे सांगितले. 2020 चा क्वेस्ट 2 हेडसेट, प्रत्येक डोळ्याला 1832 गुणिले 1920 ठिपके. 2023 चा क्वेस्ट 3, 2064 गुणिले 2208.

"पोत्यावरचा छापा सांगू नको. डोळ्याला किती लागतात?"

भाचा म्हणाला, निकोप नजरेला एका अंशात साठेक ठिपके ओळखू येतात, क्वेस्ट 3 मध्ये पंचवीसच्या आसपास मिळतात.

"म्हणजे निम्म्याहून जास्त कणीच की!"

मग भिंगं. क्वेस्ट 2 ची भिंगं फ्रेनेल जातीची, अंगावर बारीक वर्तुळं असलेली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांचा उजेड या वर्तुळांवरून फरफटतो. क्वेस्ट 3 ची पॅनकेक भिंगं पातळ आणि कडेपर्यंत स्वच्छ, फक्त प्रकाश बराच खातात. हा फरक काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत उत्तम कळतो. त्यामुळं अण्णा सिनेमा बघत नाहीत, शेवटची नावं बघतात. एकदा भाच्यानं त्यांना आफ्रिकेच्या जंगलात सोडलं. अंगावर हत्ती चालून आला. बाहेर आल्यावर घरचे भोवती जमले, हत्ती कसा होता म्हणून.

"शेपटीकडं जरा फाटत होता," अण्णा म्हणाले.

डोळ्यांचं माप हा आणखी एक उद्योग. दोन बाहुल्यांमधलं अंतर माणसागणिक वेगळं, सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास. क्वेस्ट 2 मध्ये त्यासाठी तीनच खाचा होत्या: 58, 63 आणि 68. आपलं माप मधेच पडलं की चित्र पुसट दिसू शकतं आणि डोकं चढतं. हे कळल्यापासून अण्णांच्या खिशात कंपासपेटीतली पट्टी असते. भात घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या नाकावर त्यांनी ती आडवी धरली, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "अण्णा, आधी भाताचं बोला. डोळं मागून मोजा."

पण अण्णांना नुसतं हसून चालणार नाही. वजनाचा प्रश्न त्यांनी सोडवलाय. क्वेस्ट 2 चं वजन 503 ग्रॅम, क्वेस्ट 3 चं 515. ॲपलचा व्हिजन प्रो सहाशेच्या वर, शिवाय बॅटरी वेगळी. तो अण्णांनी हातात धरलेला नाही, पण मत द्यायला त्यांना तेवढी अट लागत नाही. "ग्रॅम मोजून काय होतं? सगळं नाकाकडं झुकलंय ते बघा," म्हणत त्यांनी इंद्रायणी तांदळाची पुरचुंडी बांधली आणि हेडसेटच्या पट्ट्याला मागून लटकवली. वजन वाढलं आणि मान हलकी झाली. गालावरचा वळही कमी उठला. भाच्यानं सांगितलं, शौकीन लोक याच हिशेबानं बॅटरी मागं बांधतात. खोक्यावर ग्रॅम छापलेले असतात, तोल छापलेला नसतो. चित्र बघून घेतलेला हेडसेट पुष्कळदा कपाळ आणि नाक सहन करत नाहीत म्हणून कपाटात जातो. अण्णांचं म्हणणं असं, की कपाळाचा रकाना आधी भरा, चित्राचा मागून.

घामाचा रकाना खास घोटीचा. आषाढात इथं भिंतीला ओल येते, तिथं भिंगाची काय कथा. श्वासाच्या वाफेनं काच धुरकटते आणि जंगलात धुकं उतरतं. अण्णांचा दावा आहे की जगातल्या एकाही परीक्षकानं हेडसेट आषाढात घोटीला आणून तपासलेला नाही. तो खोडायला अजून कोणी आलेलं नाही. रात्री हेडसेट तांदळाच्या डब्यात झोपतो.

निकालाच्या रकान्यात मात्र सगळीकडं एकच ओळ: "पुढचा येऊ दे, मग बघू."

परवा गिरणीवर नाशिकचं गिऱ्हाईक आलं. इंद्रायणी तळहातावर घेतली, अंगठ्यानं पसरली, वास घेतला, दाणा चावला, उजेडात धरला. मागच्या सालापेक्षा वेगळं काय, शेजारच्या गिरणीपेक्षा वेगळं काय, सगळं विचारलं. अण्णांनी सगळं सांगितलं. शेवटी हात झटकत तो म्हणाला, "दिवाळीनंतर नवा तांदूळ येईल ना, तेव्हा बघू."

तो गेला त्या दिशेला अण्णा बराच वेळ बघत राहिले. "घ्यायचं नाही तर चिवडतात कशाला? असल्या रिकामटेकड्यांनीच धंदा बसतो," ते म्हणाले, आणि भाच्याला फोन लावला.

"काय रे, नवा कधी निघतोय?"