काढू की!

नगरजवळच्या नागापुरात मामांच्या कानावर ‘रुतलंय’ एवढं पडायचा अवकाश, हातातली कपबशी तशीच खाली ठेवून मामा उठतात. काय रुतलंय, कुठं रुतलंय, कुणाचं आहे, हे प्रश्न वाटेत. रुतलेला ट्रक असो, बंद कंपनीतला बॉयलर असो, की कुणी वीस वर्षांमागं रानात सोडून दिलेला कॉम्प्रेसर असो, मामांचं उत्तर एकच: “काढू की!”

मामा नेमके कुणाचे मामा, ते आता शोधून सापडणार नाही. सीनेच्या पुलापासून विळद घाटापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. व्याह्यांच्याही तोंडी तेच बसलंय. खाकी शर्ट, बारीक कापलेले केस, मिशी मात्र पोस्टरवर छापावी अशी. नवखा माणूस हमखास विचारतो, “फौजेतून रिटायर का?” मामा फौजेत एक दिवसही नव्हते. विशीत भरतीला उभे राहिले, तेव्हा फुगवूनसुद्धा छाती अर्धा इंच कमी भरली. तो अर्धा इंच त्यांनी पुढं मिशीत भरून काढला. पण खोटं बोलत नाहीत. “मी नाही,” म्हणतात, “फौजी आपली गाडी आहे.”

गाडी म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत हा ट्रक बनायला लागला, १९६९ मध्ये तिथंच वाहनांचा वेगळा कारखाना उभा राहिला, आणि दोन-तीन पिढ्यांचे जवान ह्याच्याच फळ्यांवर बसून सरहद्दीपर्यंत गेले. मामांना हा इतिहास तोंडपाठ आहे आणि तो कुणाला विचारावा लागत नाही. ट्रकचं उत्पादन नव्वदीच्या दशकात आटोपलं आणि १९९७ मध्ये त्याच नावाची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. गल्लीतली पोरं गाडीभोवती गिरक्या घ्यायला लागली, तेव्हा मामा महिनाभर घुश्शात होते. “तो उडतो,” ते पोरांना सांगायचे, “हा ओढतो. ओढणं अवघड असतं.”

नगरच्या माणसाला फौजेचं वेड लागणं तसं नवलाचं नाही. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथं, लष्करी वाहनं तपासणारी व्हीआरडीई इथं. खारे-कर्जुन्याच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आसपासच्या गावांत मांडणीवरची भांडी बोलायला लागतात. घरात कुणी फौजेत नसलेला माणूससुद्धा इथं ‘थ्री टन’, ‘वन टन’, ‘जोंगा’ अशी लष्करी गाड्यांची नावं सहज बोलून जातो. आणि लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांवर संसार उभे करणं ही तर जुनीच रीत. दुसरं महायुद्ध संपल्यावर ‘डिस्पोजल’चे ट्रक आणि जीप देशभर विकल्या गेल्या, त्यांवर कितीतरी मालवाहतूकदार उभे राहिले. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी नगरहून पुण्याला सुटली, हे मामा सांगतात. त्या वेळच्या रस्त्यांवर एखादी रुतली तर तिला कोण ओढत असेल, ह्या विचारानं त्यांना आजही चैन पडत नाही.

आता लष्करी माल संगणकावरच्या लिलावात निघतो. मामांनी गाडी घेतली तेव्हा डेपोत उन्हात हिंडून, बॉनेट उघडून, वास घेऊन बोली लावायची होती. शक्तिमान एका लॉटमधला, दोर ओढणारी विंच दुसऱ्या लॉटमधली. दोघांचं लग्न मामांनी नागापुरात लावलं आणि आजतागायत सोडचिठ्ठीची वेळ आलेली नाही.

काम करताना मामांना बघावं. एखादी कंपनी बंद पडून वर्षं झालेली. शेडचे पत्रे उडालेले, दारातून वेडी बाभूळ आत शिरलेली, आणि कोपऱ्यात शंभर टनी पॉवर प्रेस. जागा विकली गेलीय, म्हणून मालकाला घाई. हायड्रा क्रेनवाला येऊन ‘बूम आत जात नाही, भिंत पाडा’ म्हणून गेलेला. मग मामा. हात पाठीशी बांधून प्रेसला एक प्रदक्षिणा. पान्यानं दोन ठिकाणी टकटक. मालक हवालदिल: “मामा, शंभर टन कसं निघायचं?” मामा त्याच्याकडं दयेनं बघतात. “शेठ, शंभर टन तिचा दाब. वजन नव्हं. इतकी वर्षं चालवली आन् एवढं ठावं नाही?”

मग चहा. चहाशिवाय मामांनी दोराला हात लावलेला कुणी पाहिलेला नाही.

शक्तिमान शेडपासून चांगला लांब, कडक मुरमावर उभा राहतो. बघ्यांना वाटतं, म्हातारा घाबरला. कारण वेगळंच असतं. ड्रमवर दोराचे जितके कमी थर उरतील तितकी विंचची ओढ जास्त, म्हणून मामा दोर जवळजवळ सगळा सोडतात. चाकांखाली ठोकळे. दोर थेट मशीनला कधीच नाही, मधे कप्पी. दोर कप्पीतून फिरवून परत आणला की ओढ दुप्पट आणि वेग निम्मा, एवढं एकच पदार्थविज्ञान मामांना येतं, पण ते चारचौघांना पुरेल इतक्या वेळा सांगतात. दोराच्या मधोमध भिजवलेलं पोतं. दोर तुटलाच तर पोत्याच्या भारानं खाली बसतो. नाहीतर सुटलेला वायररोप उभ्या माणसाचे पाय घेऊन जातो. शेवटी मामा हात वर करतात आणि सगळं एमआयडीसी गप्प होतं, निदान त्या शेडपुरतं. इंजिन धडधडतं, दोर ताठ होऊन कुरकुरतो, पाया धरून बसलेली प्रेस एकदम ‘टक्क’ करून सुटते आणि पाइपांच्या तुकड्यांवरून हळूहळू उजेडाकडं सरकायला लागते. पाइप मागून काढून पुढं टाकत राहायचं. दारातून बाहेर यायला दुपार जाते. मामा तेवढ्यात एकदाही आवाज चढवत नाहीत. घरी मात्र टीव्हीचा रिमोट सापडला नाही की तोच आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू येतो.

विंचच्या शाफ्टला एक शिअर पिन असते. मुद्दाम कमकुवत ठेवलेली. ओढ हाताबाहेर गेली की पहिल्यांदा ती तुटते आणि बाकीचं सगळं वाचतं. मामांनी आजवर तुटलेल्या सगळ्या पिना काचेच्या बरणीत साठवल्यात. बरणी शोकेसमध्ये, नातवाच्या वक्तृत्व स्पर्धेच्या ढालीशेजारी. मामी दर दिवाळीला ती बाहेर काढतात आणि दर भाऊबीजेला ती परत आत असते. पाहुणा आला की पोह्यांच्या मागोमाग बरणी येते. “ही फाउंड्रीची. ही बॉयलरची. ह्या दोन रोलरच्या.”

रोलरची गोष्ट ऐकल्याशिवाय पाहुण्याची सुटका नाही, तेव्हा तुमचीही नाही. राहुरीच्या बाजूच्या एका गावात रस्त्याचं काम अर्ध्यावर टाकून ठेकेदार गेला आणि जाताना आठ-दहा टनी रोलर बांधाला ठेवून गेला. काळी माती. दर पावसाळ्यात रोलर थोडा थोडा खाली जात राहिला. पोरांनी त्याची घसरगुंडी केली, निवडणुकीत त्याला फ्लेक्स बांधले गेले, सोयरिकीची बोलणीसुद्धा म्हणे त्याच्या सावलीत झाली. शेवटी शेतमालकाला बांध मोकळा करायचा झाला, तेव्हा त्यानं मामांना बोलावलं. पहिल्या ओढीत एक पिन गेली. दुसऱ्या ओढीत दुसरी. मग मामांनी विंच बंद करून खोरं मागितलं. ओली काळी माती वस्तूला खालून धरून ठेवते, तिच्यात हवा शिरेपर्यंत ती सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. रोलरच्या पुढं उतार खणला, फळ्या टाकल्या, मग दोर लावला. संध्याकाळी रोलर वर आला. टाळ्या पडल्या, नारळ फुटला. एवढ्यात एक आजोबा पुढं झाले. “ते समदं ठीक. पण आता पाहुण्याला उतरायचं कुठं सांगायचं? एसटीवाला ‘रोलरपाशी’ म्हणलं तरच थांबतो.” गाव विचारात पडलं. मामाही पडले. रोलर आज तिथंच आहे, दहा हात अलीकडं, रस्त्याच्या कडेला, मुरमावर. मामांनी डिझेलपुरते पैसे घेतले, आणि मामींनी ह्या प्रसंगावर जे भाष्य केलं ते छापण्याजोगं नाही.

खरी अडचण पुढची. काढलेलं यंत्र न्यायचं कुणी? मालक म्हणतो, भंगारात द्या. भंगारवाला गॅस कटर घेऊन येतो आणि मामांच्या पोटात गोळा येतो. “चांगली बीड आहे हो, कापता काय!” मग घासाघीस होते, मामा पदरचे पैसे घालतात आणि वस्तू घरामागच्या जागेत येऊन पडते. तिथं एक लेथचा पाया आहे, दोन किर्लोस्कर इंजिनं, विहीर खोदायची एक यारी, आणि अर्धा बॉयलर. बॉयलरमध्ये कोंबड्या बसतात. मामी म्हणतात, “ह्यांना सगळं काढता येतं. टाकता तेवढं येत नाही.” मामी बोलतात, पण बॅटरीच्या बाबतीत त्यांनीही हिशेब चुकता केलाय. शक्तिमानला दोन बॅटऱ्या लागतात. त्यातली एक मामींनी घरच्या इन्व्हर्टरला लावून टाकलीय. त्यामुळं रात्री मामांना बोलावणं आलं, बॅटरी गाडीत गेली आणि नेमकी लाइट गेलेली असली, की त्यांच्या घरात अंधार होतो. शेजारी समजतात, कुणाचं तरी काहीतरी रुतलंय.

एकच वस्तू मामा दाराशी येऊ देत नाहीत. फायरिंग रेंजवरून वेचलेलं लोखंड. कुणी पोरगं तसलं काही घेऊन आलं तर त्याला दोन शिव्या आणि घरी नेऊन आईच्या स्वाधीन. “जे काढलं की माणूस जातो, ते काढायचं नसतं.”

१९९४ मध्ये नगरला रणगाड्यांचं संग्रहालय झालं. पाहुण्यांना घेऊन मामा तिथं भक्तिभावानं जातात. बाकीचे तोफ बघतात, नळीपाशी फोटो काढतात. मामा वाकून मागचा-पुढचा ओढायचा हुक बघतात. पाकिस्तानी पॅटनपुढं मात्र त्यांचा पाय निघत नाही. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या लढाईत आपल्या लोकांनी रानात पाणी सोडलं आणि पॅटन रणगाडे उसात, चिखलात रुतले. गाइड हे अभिमानानं सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. मामाही वाजवतात, पण चेहऱ्यावर हळहळ लपत नाही. ऊस, चिखल आणि रांगेनं रुतलेली चाळीस-पंचेचाळीस टनांची धुडं! “एवढं काम,” ते पुटपुटतात, “एकाच शिवारात.”

नातवानं त्यांना मोबाइलवर इंग्लंडचे म्हातारे दाखवलेत. तिथं महायुद्धातले स्कॅमेल आणि मॅटाडोर ट्रक लढाई संपल्यावर गॅरेजवाल्यांनी आणि लाकूडतोड्यांनी घेतले, आणि शौकीन लोक ते अजून चालवतात, चिखलात मुद्दाम घालून विंचनं बाहेर काढतात. मामांना हे कळेना. “मुद्दाम घालतात? आन् पैसे कोण देतं?” तो प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला असावा. २०१९ मध्ये धोनीनं जोंगा घेतल्याची बातमी आली, तेव्हा मात्र ते आठवडाभर खुशीत होते.

हायड्रावाली पोरं त्यांना ‘म्युझियम’ म्हणतात. तासाच्या भाड्यावर काम, फरशीवर ऐटीत फिरणं, हे त्यांचं. पण जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले की कुठल्यातरी प्लॉटमध्ये हायड्राच बसतो आणि रात्री अकराला फोन वाजतो. मामा त्या पोरांकडून पैसे घेत नाहीत. चिखलातून दोर मात्र त्यांच्याच खांद्यावरून न्यायला लावतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली, तेव्हा ह्याच पोरांनी चिडवलं, आता तुमचा शक्तिमान गेला. “फौजेच्या खास गाड्यांना सूट आहे,” मामा म्हणाले. पण मामा, गाडी आता फौजेची कुठं आहे? मामांनी मिशीवरून हात फिरवला. “ते तिला सांगू नका.”

असा माणूस प्रत्येक गावात एक असतोच. तुमच्याकडं तो बोअरमध्ये अडकलेली मोटार काढत असेल, नाहीतर लग्नाच्या पंगतीआधी तुंबलेली मोरी. नगर-मनमाड रस्त्यावर पावसाळ्यात तुमची गाडी साइडपट्टीखाली गेलीच, तर रेस करकरून चाक आणखी खोल घालू नका. नागापुरात कुणालाही मामा विचारा. ते आले की दोराच्या आसपास उभं राहू नका, ‘हायड्रा बोलवायचा का’ असं चुकूनही म्हणू नका, आणि पैसे मामींच्या हातात द्या.