घाटावर प्रेशर, घाटाखाली पाय

बुलढाणा जिल्ह्याला दोन मजले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार वरच्या मजल्यावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खालच्या. मध्ये अजिंठ्याचे डोंगर आणि राजूर घाटाची वळणं. सोयरीक असो, निवडणूक असो की पावसाची चर्चा असो, ‘तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे?’ हा प्रश्न आधी येतो. दवाखान्यात मात्र तो कोणी विचारत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाचं शरीरही असंच दुमजली असतं. रक्तदाब घाटावर, पाय घाटाखाली, आणि दोघांच्या तक्रारी वेगवेगळ्या तालुक्यांत नोंदवलेल्या.

अशा माणसाला आपण गुरुजी म्हणू. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले असे गुरुजी गावोगाव आहेत. दिवसा त्यांची तक्रार नसते. शेगावच्या पालखीबरोबर चालायला सांगा, तरण्या पोरांना मागे टाकतील. पण रात्री मुक्कामी पाठ टेकली की पिंढऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. धड दुखत नाही, गोळे येत नाहीत, काय होतं ते नीट सांगताही येत नाही. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, एवढं खरं. अंगणात चार फेऱ्या मारल्या की थांबतं, अंथरुणावर आलं की पुन्हा सुरू. ‘गजानन विजय’ पोथीचे एकवीस अध्याय एका आसनात वाचायचा संकल्प त्यांनी सकाळीच करावा. संध्याकाळी बसले तर दुसऱ्या अध्यायालाच आसन मोडतं.

बसल्या जागी पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते, असं जुनी माणसं सांगत. लक्ष्मीचं कोणी मोजलं नाही. झोप मात्र जाते, आणि ती शेजारी झोपणारीचीही जाते.

इंग्लंडच्या टॉमस विलिस या डॉक्टरने १६७२ मध्येच लॅटिन ग्रंथात अशा रुग्णांचं वर्णन करून ठेवलं होतं. पुढे स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला आणि ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव रुळलं. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत: पाय हलवायची अनावर ओढ, स्वस्थ बसलं की वाढणारी, हललं की कमी होणारी, आणि संध्याकाळनंतर जोर धरणारी. बाकी रक्त तपासून घ्यायचं ते लोहासाठी आणि मूत्रपिंडासाठी. मेंदूला लोह कमी पडणं आणि डोपामीन या रसायनाचा कारभार बिघडणं, ही या दुखण्याची दोन मुख्य कारणं मानली जातात.

याच डोपामीनचा संबंध रक्तदाबाच्या एका औषधाशी आहे, आणि ते औषध गाजवलं मुंबईच्या डॉक्टरने. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचे रक्तदाबावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याकडची मुळी जगभर पोचली. सिबा या स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं आणि डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपीन रक्तदाब उतरवतं खरं, पण त्यासाठी चेतातंतूंच्या टोकांशी साठवलेली रसायनं उपसून टाकतं, आणि त्यांत डोपामीनही येतं. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं तेव्हा ससे जागीच थिजले. डोपामीन ज्यापासून बनतं ते एल-डोपा दिल्यावर पुन्हा हलायला लागले. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. रेस्टलेस लेग्जवर वर्षानुवर्षं दिल्या गेलेल्या गोळ्या डोपामीनचंच काम वाढवणाऱ्या. म्हणजे अशा माणसाला सर्पगंधा देणं हे खालच्या तालुक्यांची विहीर उपसून वरच्या तालुक्यांची आग विझवण्यासारखं.

आज डॉक्टर रेसरपीन क्वचितच लिहून देतात. पण सर्पगंधेच्या वट्या प्रेशरवर आणि झोपेवर म्हणून मिळतातच, आणि ‘झाडपाला आहे, अपाय काय व्हायचा’ म्हणत गुरुजी त्या घेतातही. डॉक्टरांना सांगत नाहीत. वट्या काही गोळ्यांत मोजायच्या नसतात, असा त्यांचा हिशोब.

सरकारी दवाखान्यांतल्या रक्तदाबाच्या उपचारांत साधारण तीन गोळ्यांचा आधार असतो: अ‍ॅमलोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. तिन्ही चांगल्या, स्वस्त आणि सिद्ध. तक्रार एवढीच की त्या गुरुजींच्या पायांना न विचारता येतात.

अ‍ॅमलोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. मात्रा वाढवली तर जास्त. पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी बाहेर झिरपतं. शरीरात पाणी साठलं म्हणून ही सूज नसते. त्यामुळे लघवी वाढवणारी गोळी देऊन ती फारशी उतरत नाही. टेल्मिसार्टन जोडीला दिलं तर सूज कमी होते. अ‍ॅमलोडिपिनने रेस्टलेस लेग्ज वाढतात, अशी तक्रार काही रुग्ण करतात. पक्का पुरावा नाही. पण दिवसा सुजलेला पाय रात्री वळवळलाही, तर गुरुजी दोन्ही गुन्हे एकाच आरोपीवर लादणार हे नक्की.

क्लोरथॅलिडोन सकाळीच घ्यायची. संध्याकाळी घेतली तर रात्री उठायला पायांच्या जोडीला लघवीही लागते. पोटॅशियम कमी झालं तर खरोखरचे गोळे येतात, आणि गुरुजींना दोन दुखण्यांतला फरक पहाटे तीन वाजता शिकावा लागतो. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही मंडळी रात्रीचं मेलाटोनिन कमी करतात, त्याने काहींची झोप चाळवते. हृदयाच्या काही दुखण्यांत मात्र त्यांना पर्याय नसतो.

क्लोनिडिन या सगळ्यांत गमतीचं. रक्तदाबाची ही जुनी गोळी रेस्टलेस लेग्जच्या एका लहानशा चाचणीत वापरली, तर रुग्णांना लवकर झोप लागली. ऐकून गुरुजी खूश होतील, पण तिने तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, आणि एकदम बंद केली तर रक्तदाब उसळतो. अ‍ॅटेनोलॉललाही मनाने बंद केलेलं खपत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांच्याविरुद्ध पायांची विशेष तक्रार नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत राहिलं की झालं. खारपाणपट्ट्यातल्या गुरुजींनी तर ही तपासणी टाळूच नये. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडे विहिरींचं पाणी खारट आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांची चर्चा जुनी. बिघडलेलं मूत्रपिंड रक्तदाबही वाढवतं आणि पायही वळवळायला लावतं. दोन मजल्यांचा तळ कधीकधी एकच निघतो.

खरा घोळ मात्र निवडलेल्या गोळीपेक्षा तिच्यामागून येणाऱ्यांचा असतो. रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने कोरडा खोकला लागला. खोकला कशाचा हे न सांगता गुरुजींनी मेडिकलमधून सिरप आणलं. त्यात क्लोरफेनिरामिन, म्हणजे गुंगी आणणारं सर्दीचं औषध. त्याने पाय अधिक वळवळतात. झोप नाही म्हणून सकाळी तीन कप चहा. चहाने अ‍ॅसिडिटी, तिच्यावर लेव्होसल्पिराइड असलेली गोळी. ती डोपामीनलाच अडवते. पाय आणखी जोरात. पाय दुखतात असा समज करून डायक्लोफेनॅक, तिने रक्तदाब वर. मग कोणीतरी म्हणालं, रामिप्रिल वाढवा.

खोकला पुन्हा सुरू.

रक्तदाब आणि पायांचं हे नातं एकतर्फीही नाही. झोपेत पाय झटकण्याच्या प्रत्येक वेळी रक्तदाब क्षणभर चढतो. माँट्रियलच्या संशोधकांनी २००७ मध्ये काही रुग्णांचं हे मोजलं, तेव्हा वरचा आकडा, तेही झोप चाळवल्यावर, वीसेकने चढलेला आढळला. घाटाखाली दंगल झाली की वरच्या मजल्यावरही पडसाद उमटतात, असा याचा अर्थ.

एकदा गुरुजींनी सगळ्या डब्या, पट्ट्या, वट्या, सिरप एका पिशवीत कोंबून डॉक्टरांसमोर टेबलावर ओतल्या.

‘गुरुजी, हे सगळं तुम्ही घेता?’

‘घेतो न डॉक्टरसाहेब. पण पाय ठिकाणावर राहून नाई राह्यले. प्रेशरची गोळी बदलून द्या बाप्पा.’

डॉक्टरांनी रामिप्रिल बदलून टेल्मिसार्टन लिहिलं, सिरप, गॅसची गोळी आणि डायक्लोफेनॅक बाजूला ठेवलं, सर्पगंधेच्या वट्या कपाळाला हात लावत वेगळ्या काढल्या. मग फेरिटिन तपासायला सांगितलं. गुरुजी नाराज झाले. हिमोग्लोबिन साडेतेरा आहे, हे त्यांना पाठ होतं. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीराच्या गोदामात लोह कमी असू शकतं, आणि पायांच्या दृष्टीने फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. ते तसंच निघालं. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबाबरोबर चालेल, असं सांगितल्यावर गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, ‘मंग चहा कधी घ्याचा?’

महिन्या-दोन महिन्यांनी रक्तदाब १३२ वर आला. पायही बऱ्यापैकी थंडावले. तपासणीला काकू सोबत आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ‘काकू, आता झोपतात ना गुरुजी?’

‘झोपतात न. पाय तं निजले त्यायचे, आता नाक जागं झालं. अख्खी गल्ली घोरण्यानं हलते.’

‘घोरता-घोरता मधेच श्वास थांबतो का हो?’

‘थांबतो. अन् मग हिसका देऊन सुरू होते.’

घोरण्यात श्वास थांबत असेल तर रक्तदाब गोळ्यांना सहजी दाद देत नाही, आणि त्याची तपासणी वेगळी. डॉक्टर दुसऱ्या कागदावर ती लिहू लागले. गुरुजींनी आपली बाजू मांडली: एवढी वर्षं पायांमुळे झोपच नव्हती, तर घोरायला वेळ कुठे होता?